डच ऑफिसरची तलवार नक्की कधीची आहे हे कसं ओळखायचं

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो. हॉलंडमधल्या आइंडहोव्हनला राहणाऱ्या एका मराठी माणसाने तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक तलवार घेतली. थोडंसं वक्र पातं, निकेलचा मुलामा, पात्यावर मुकुटाखाली डब्ल्यू अक्षर आणि सिंहाचं राजचिन्ह, लोखंडी म्यान आणि म्यानाला एकच कडी. मुठीलगत पात्यावर दोन छोटी डोकी ठोकलेली, एक राजाचं आणि एक शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचं. विकणारा म्हणाला की ही डच राजा विलेम पहिल्याच्या काळातली आहे, नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईतली. शिवाय त्यांच्या वेंगुर्ल्याच्या घरी एक जुनी तलवार आहे, आजोबा तिला कायम डचांची तलवार म्हणायचे, तर तीही डच ऑफिसरचीच का, असं विचारलंय.

मी गेली बरीच वर्षं हॉलंडमध्ये लिलावासाठी जुन्या हत्यारांची वर्णनं लिहितो, त्यामुळे हा वॉटर्लूवाला किस्सा मला नवा नाही. इथे बाजारात वक्र पात्याची आणि डब्ल्यू असलेली प्रत्येक तलवार वॉटर्लूचीच असते. १८ जून १८१५ ला वेलिंग्टनच्या सैन्यात डच-बेल्जियन तुकड्या होत्या आणि त्यांचा सेनापती म्हणजे प्रिन्स ऑफ ऑरेंज, जो पुढे विलेम दुसरा झाला, हे खरंच आहे, पण त्या गोष्टीचा आणि तुमच्या तलवारीचा काही संबंध नाही. ती दोन डोकी आहेत ना, तिथेच विषय संपला. राजाचं डोकं ही झोलिंगेनच्या, म्हणजे जर्मनीतल्या तलवारी बनवणाऱ्या गावाच्या, वायर्सबेर्ग बंधूंची खूण आणि सरदाराचं डोकं किर्शबाउमची. ही दोन घराणी एकत्र येऊन १८८३ मध्ये वायर्सबेर्ग किर्शबाउम आणि कंपनी झाली, संग्राहक तिला नुसतं डब्ल्यूकेसी म्हणतात, आणि दोन डोकी शेजारी शेजारी आहेत म्हणजे पातं १८८३ नंतरचंच. वॉटर्लूला तेव्हा ६८ वर्षं होऊन गेली होती.

माझा एकच नियम आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं. तलवारीचं वय तिच्यावरच्या सगळ्यात जुन्या खुणेवरून काढायचं नसतं, मूळच्या असलेल्या सगळ्यात तरुण खुणेवरून काढायचं. विकणारा नेहमी जुनी खूण दाखवतो, आपण तरुण खूण शोधायची. आता यात 'मूळची' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण म्यान नंतर बदललेलं असू शकतं, मूठ परत बसवलेली असू शकते, वडिलांचं पातं मुलाने नव्या मुठीत घालून वापरलेलं असू शकतं आणि तसं ऑफिसर लोक सर्रास करायचे, त्यात लबाडी काही नाही. म्हणून आधी हे ठरवा की पातं, मूठ आणि म्यान हे तिन्ही एकमेकांचे आहेत का, मग वयाचं बघू.

ते कसं ठरवायचं? मुठीच्या मागच्या टोपीवर पात्याची शेपूट बाहेर येते आणि तिथे ती ठोकून चपटी केलेली असते. भिंग घेऊन तेवढीच जागा नीट बघा. ठोकलेलं लोखंड आणि भोवतालचं पितळ दोघांवर सारखाच जुनेपणा हवा, भेगेत सारखाच काळा मळ हवा. तिथे कानशीचे ताजे ओरखडे, चमकणारं पितळ किंवा गोंद दिसला तर मूठ कधीतरी उघडलेली आहे. दुसरी जागा म्हणजे पातं मुठीच्या गार्डला, म्हणजे हात वाचवणाऱ्या कवचाला, जिथे टेकतं तिथली चामड्याची चकती, ती जुनी असेल तर आकसून काळी आणि दगडासारखी झालेली असते. आणि पातं म्यानात घालून बघा, मूळचं म्यान असेल तर वक्रता जुळते, कुठे अडत नाही आणि शेवटी गार्ड तोंडावर नीट बसतो.

आता तो डब्ल्यू. डच तलवारींच्या बाबतीत ह्याच्याएवढा निरुपयोगी पुरावा दुसरा नाही. विलेम पहिला १८१५ ते १८४०, विलेम दुसरा १८४९ पर्यंत, विलेम तिसरा १८९० पर्यंत, आणि त्याच्यानंतर गादीवर आली त्याची मुलगी विल्हेल्मिना, तीही डब्ल्यूच, ती थेट १९४८ पर्यंत! म्हणजे नुसत्या डब्ल्यूवरून तुम्हाला कळलं काय तर १८१५ आणि १९४८ च्या मध्ये कधीतरी. अक्षराबरोबर रोमन आकडा असेल तर मात्र पकडा, तीन असेल तर १८४९ ते १८९० पक्कं. इंग्रजी 'जे' हे अक्षर असेल तर विल्हेल्मिनाच्या नंतरची राणी युलियाना, १९४८ नंतरची, म्हणजे परेडची तलवार. त्यात अजून एक भानगड अशी की प्रशियाचा विल्हेल्मही डब्ल्यूच वापरायचा, बहुतेक वेळा आर जोडून, आणि वुर्टेमबर्गचे दोन राजे, एक १८१६ ते १८६४ आणि दुसरा १८९१ ते १९१८, तेही विल्हेल्मच. ह्या सगळ्यांचा माल एकाच गावातून यायचा, झोलिंगेनमधून, त्यामुळे नक्षी पण बहिणी बहिणी वाटाव्यात अशी. जर्मन तलवार डच म्हणून विकली जाण्याचं हे पहिलं कारण.

एल अक्षराचंही तसंच आहे. नेपोलियनचा भाऊ लुई १८०६ ते १८१० हॉलंडचा राजा होता, म्हणून एल दिसला की विकणारा लगेच किंमत तिप्पट करतो. पण बेल्जियमचे लिओपोल्ड पहिला आणि दुसरा मिळून १८३१ ते १९०९ एवढा काळ एलच वापरत होते, आणि बाजारात फिरणाऱ्या एलवाल्या तलवारी बहुतेक बेल्जियनच असतात.

म्हणून अक्षर सोडा आणि सिंह बघा. सिंह सगळ्यांचेच आहेत, बेल्जियमचा आहे, बव्हेरियाचा आहे, पण डच सिंहाच्या एका पंजात तलवार असते आणि दुसऱ्यात बाणांचा जुडगा. बेल्जियन सिंहाच्या पंजात काही नसतं आणि खाली एकीने बळ येतं अशा अर्थाचं फ्रेंच वाक्य असतं. डच चिन्हाखाली 'झ मॅंत्यॅंद्रे' असतं, म्हणजे मी राखीन, तेही फ्रेंचच, त्यामुळे फ्रेंच वाक्य दिसलं की बेल्जियन असं म्हणू नका, वाक्य वाचा. आणि मुठीच्या टोकाला सिंहाचं डोकं असणं हे तर कुठल्याच देशाचं लक्षण नाही, जर्मनीत हौशी ऑफिसर पैसे मोजून तशी मूठ करून घ्यायचे, नेव्हीच्या तलवारींवर तर ते अर्ध्या जगात सापडतं.

आता खरी गंमत राजचिन्हात आहे आणि हे फारसं कोणी बघत नाही. १९०७ च्या जुलैमध्ये विल्हेल्मिनाने राजचिन्हात बदल केला. त्याआधी ढाल धरून उभे असलेले दोन्ही बाजूंचे सिंह डोक्यावर मुकुट घातलेले आणि तोंड समोर आपल्याकडे वळवलेले होते. नंतरच्या चिन्हात त्यांचे मुकुट गेले आणि तोंडं बाजूला वळली. ढालीच्या आतल्या सिंहाचा मुकुटही बदलला, आधी मोठा बंद राजमुकुट होता, नंतर साधा तीन पानांचा उघडा मुकुट. तुमच्या फोटोत पात्यावरचा तो भाग जरा धूसर आहे पण उजवीकडच्या सिंहाचं नाक बाजूला दिसतंय आणि डोक्यावर काही नाही. तसं असेल तर नक्षी १९०७ नंतरची, आणि निकेल आणि एका कडीचं म्यान हे दोन्ही त्याला जुळतं. उलटं मात्र लावू नका हं, जुनं चिन्ह म्हणजे १९०७ आधीचंच असं नाही, कारण कारखान्यात नक्षीचे साचे पडलेले असायचे आणि राणीने चिन्ह बदललं म्हणून झोलिंगेनच्या कारागिराने दुसऱ्या दिवशी साचा फेकून दिला असं होत नाही. नवं चिन्ह ही पक्की खालची मर्यादा, जुनं चिन्ह हा नुसता अंदाज.

माझ्या मते तुमची तलवार १९०७ ते १९४० च्या मधली, विल्हेल्मिनाच्या काळातली, लष्करातल्या ऑफिसरने स्वतःच्या पैशाने घेतलेली. सरकारी नाही हे कशावरून? शिपायांच्या तलवारीवर तपासनिसाचे मुकुट आणि अक्षराचे छोटे ठसे असतात, रेजिमेंटचा नंबर असतो, रॅकचा नंबर असतो. ऑफिसर आपली तलवार कपडे शिवणाऱ्या लष्करी टेलरकडून किंवा लष्करी सामानाच्या दुकानातून घ्यायचा, त्यामुळे त्यावर सरकारी ठसे नसतात, कारखान्याची खूण आणि कधी कधी दुकानाचं नाव गाव असतं. आणि म्हणूनच ऑफिसरच्या तलवारी नियमात कधी पूर्ण बसत नाहीत. नियमाने आकार ठरलेला असायचा, पण ज्याच्या खिशात पैसे तो डमास्कस म्हणजे लहरी दिसणाऱ्या पोलादाचं पातं घेणार, शार्कच्या कातड्याची मूठ घेणार, नक्षी जास्त घेणार. मॉडेलचं वर्ष शोधत बसणारे लोक इथेच अडकतात, कारण तक्त्यातल्या चित्राशी हुबेहूब जुळणारी ऑफिसरची तलवार क्वचितच मिळते.

दुकानाचं नाव मिळालं तर मात्र सोनं. हेग किंवा ब्रेडाचं दुकान असण्याची शक्यता चांगली, ब्रेडाला १८२८ पासून मिलिटरी ॲकॅडमी आहे. कोनिंकलेके बिब्लिओथेक म्हणजे डच राष्ट्रीय ग्रंथालयाचं डेल्फर म्हणून डिजिटल संग्रहालय आहे, जुनी डच वर्तमानपत्रं फुकट शोधता येतात, त्यात त्या दुकानाचं नाव टाका. जाहिराती सापडतात, पत्ता कधी बदलला, मुलगा कधी भागीदार झाला, दुकान कधी बंद झालं हे सगळं निघतं, आणि पात्यावरचं नाव जर 'आणि पुत्र' लागल्यानंतरचं असेल तर तुमची खालची मर्यादा आपोआप वर सरकते. ऑफिसरचं स्वतःचं नाव किंवा आद्याक्षरं असतील तर हेगच्या नॅशनाल आर्खीफमध्ये ऑफिसरांची सेवापुस्तकं आहेत, डच भाषेत स्तामबुक म्हणतात, इंडीजच्या, म्हणजे आताच्या इंडोनेशियातल्या डच वसाहतीच्या, सैन्याचीही आहेत, तिथे जन्मतारीख, बढत्या, बदल्या सगळं मिळतं.

नाव कोरलेलं असेल तर ते कधी कोरलंय हेही बघायला लागतं. दहापट भिंगाखाली अक्षराच्या खाचेत डोकवा. निकेल जर खाचेच्या आत तळापर्यंत उतरलेलं असेल तर अक्षरं आधी आणि मुलामा नंतर, म्हणजे कारखान्यातलंच काम. खाचेच्या कडेला निकेल तुटलेलं असेल आणि तळाशी करडं उघडं पोलाद दिसत असेल तर तलवार तयार झाल्यावर कोणीतरी कोरलंय. रिटायर होताना मित्रांनी भेट दिलेली असू शकते, किंवा मागच्या वर्षी कोणीतरी किंमत वाढवायला केलेलं असू शकतं, तो फरक मग तळाशी गंज आणि मळ किती मुरलाय त्यावरून. भाषाही बघा, १९४७ पर्यंत सरकारी स्पेलिंगमध्ये नेदरलँड्सच्या विशेषणाच्या शेवटी 'एससीएच' असायचं, नंतर नुसतं 'एस' झालं, पण जुन्या संस्थांनी आणि दुकानांनी जुनं स्पेलिंग तसंच ठेवलं म्हणून यावर फार भार टाकू नका.

मुलाम्याबद्दल एक जास्तीची गोष्ट. निकेल जरा उबदार, किंचित पिवळसर झाक असलेलं दिसतं, क्रोम निळसर आणि आरशासारखं थंड. क्रोमचा मुलामा बाजारात आला तोच १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर, त्यामुळे मूळचं क्रोम असेल तर बाकी चर्चा बंद. आणि खरोखरच १८१५ च्या सुमाराची तलवार असेल तर काय दिसायला हवं? ना निकेल ना क्रोम, ऑफिसरचं महाग पातं असेल तर मुठीकडच्या अर्ध्या भागात निळं केलेलं पोलाद आणि त्यावर सोन्याची नक्षी, किंवा निदान त्याचे उरलेसुरले अवशेष. मूठ साधी, एका कमानीची, इंग्रजांच्या १७९६ च्या घोडदळी तलवारीसारखी, कारण १८१३ नंतर नवं डच सैन्य उभं राहिलं ते इंग्लंडने दिलेल्या आणि फ्रेंचांच्या मागे राहिलेल्या हत्यारांवर. प्रशियानेही तोच इंग्रजी आकार उचललेला, म्हणून अशी तलवार हातात आली की ती तीनपैकी कुठल्याही देशाची असू शकते आणि तिथे ठसे वाचल्याशिवाय तोंड उघडू नये. फ्रेंच पातं असेल तर पाठीवर क्लिंगेंथाल ह्या फ्रेंच कारखान्याचं नाव आणि बऱ्याचदा महिना-वर्ष सरळ लिहिलेलं असतं, ते वाचायला भिंगही लागत नाही. पाठीला नळीसारखी गोल कड असलेलं पातं दिसलं तर साधारण १८२० ते ४० च्या दशकांकडे बघा, तेव्हा ती फॅशन होती.

चांदीची मूठ असेल, अठराव्या शतकातली दरबारी सरळ तलवार वगैरे, तर हत्यारं बाजूला ठेवा आणि चांदीचे हॉलमार्क वाचा, त्याहून पक्कं काही नाही. तीन तिरके क्रॉस म्हणजे ॲमस्टरडॅम, करकोचा म्हणजे हेग. १८१४ नंतर देशभर एकच पद्धत आली, मिनर्व्हा देवीचं डोकं, सिंह आणि त्याच्याजवळ १ किंवा २ आकडा, १ म्हणजे ९३४ टंच आणि २ म्हणजे ८३३, शिवाय वर्षाचं अक्षर. चांदीवाल्याकडे तक्ता असतो, पाच मिनिटांत वर्ष सांगेल. नांगराची खूण असेल तर नेव्ही, एवढंच, मुकुटासकट नांगर इंग्रजांकडेही आहे.

इंडीजचं प्रकरण वेगळंच. तिथलं डच वसाहतीचं सैन्य १८३० पासून १९५० पर्यंत होतं आणि सुमात्रा बेटावरच्या आचेहची लढाई १८७३ ला सुरू झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की युरोपातली लांब सेबर, म्हणजे वक्र तलवार, जंगलात काही कामाची नाही. १८९० मध्ये मारेशोसे म्हणून खास तुकडी काढली आणि १८९८ मध्ये क्लेवांग हे आखूड, रुंद, जड पात्याचं हत्यार नियमात आणलं, मूळ कल्पना तिथल्याच लोकांची, मुठीवर मात्र युरोपी पद्धतीचं लोखंडी कवच. हे इतकं जमलं की अमेरिकन नेव्हीचं १९१७ चं कटलस, म्हणजे खलाशांची आखूड तलवार, त्याच्यावरूनच केलं. शिपायांच्या क्लेवांगवर हेमब्रुग ह्या डच सरकारी कारखान्याचा किंवा झोलिंगेनचा ठसा, आणि मिल्सको १९४१ असं असेल तर ती जर्मनीने हॉलंड घेतल्यावर अमेरिकेत बनवून घेतलेली. हाताचं कवच कापून टाकलेली दिसली तर मोडकी समजून सोडू नका, जपान्यांनी पकडलेल्या क्लेवांग तशा कापून वापरल्या होत्या. आर्नहेमला ब्रॉनबेक म्युझियम आहे, आइंडहोव्हनहून तासा-दीड तासावर, तिथे ह्या सगळ्या एका ठिकाणी बघायला मिळतील, आणि लष्कराच्या बाकी तलवारींसाठी सूस्टरबर्गचं नॅशनाल मिलिटेअर म्युझियम. फोटोवर शिकण्यापेक्षा एक रविवार तिकडे घालवा.

आता वेंगुर्ला. आजोबा म्हणत होते ते अगदीच हवेतलं नाही, डच ईस्ट इंडिया कंपनीची म्हणजे व्हीओसीची वखार वेंगुर्ल्याला १६३७ च्या सुमारास झाली, गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला ती जागा सोयीची, आणि त्या वखारीचे अवशेष अजून गावात उभे आहेत. पण तलवार वेंगुर्ल्यात सापडली म्हणजे ती वखारीतून आली असं होत नाही. तुम्ही पाठवलेल्या एका फोटोत मूठ स्पष्ट आपल्याकडची आहे, वाटी, मागे निघालेला दांडा, आतल्या पट्ट्या, आणि पातं सरळ, लांब, पन्हळी असलेलं. ही फिरंग आहे. युरोपातून आलेलं पातं आणि इथली मूठ. पातं झोलिंगेनचं, इटालियन, कुठलंही असू शकतं, आणि इथे बनवून वर युरोपी खुणांची नक्कल केलेलंही असू शकतं, कारण फिरंगी पात्याला भाव होता. त्याच्यावर पळणारा लांडगा दिसतो का बघा, दोन-चार रेघांत काढलेला असतो, कुत्रा आहे का घोडा कळत नाही असा. आणि १४१४ असा आकडा असला तर ते वर्ष समजू नका, झोलिंगेनच्या पात्यांवर तो आकडा असाच ठोकलेला सापडतो. डच ऑफिसरची तलवार ती नाही, पण माझ्या मते तुमच्या आइंडहोव्हनच्या तलवारीपेक्षा ती जास्त मोलाची आहे आणि मी असतो तर तिच्याकडे आधी लक्ष दिलं असतं.

तिच्यावर व्हीओसीची अक्षरं असतील तर मात्र हुरळून जाऊ नका. ती तीन अक्षरं जगात सगळ्यात जास्त खोटी ठोकली जाणारी आहेत. कंपनी ३१ डिसेंबर १७९९ ला संपली, त्यामुळे व्हीओसी आणि खाली १८०० च्या पुढचं वर्ष असं काही दिसलं तर हसून परत ठेवायचं. खऱ्या ठशात व्हीचे दोन हात ओ आणि सी मधून जातात, वर बऱ्याचदा ॲमस्टरडॅम चेंबरचा, म्हणजे कंपनीच्या तिथल्या शाखेचा, ए, आणि तो ठसा पात्याच्या गंजाबरोबर झिजलेला असतो. खोटा ठसा गंजाच्या वरून बसलेला दिसतो, खड्डे कापत गेलेला.

दोन्ही तलवारींना ब्रासो, पितांबरी, चिंच काही म्हणजे काही लावू नका. मऊ कापड, थोडं हलकं मशीन ऑइल, पुसून कोरडं, बास. निकेल जिथे फुगलंय तिथे खरवडू नका, खालचा गंज अजून पसरतो. वेंगुर्ल्याची तलवार चामड्याच्या म्यानात ठेवलेली असेल तर बाहेर काढून वेगळी ठेवा, कोकणातल्या पावसाळ्यात चामडं पाणी धरून पातं आतून खातं.

कायद्याचं म्हणाल तर हॉलंडमध्ये अठरा वर्षं पूर्ण असतील तर अशी सेबर घरात ठेवायला परवाना लागत नाही, पण बाहेर अंगावर बाळगता येत नाही, नेताना नीट गुंडाळून, पटकन हातात येणार नाही अशी बांधून न्यायची. ती भारतात न्यायचा विचार असेल तर कस्टम्सला आधी लेखी विचारा, सुटकेसमध्ये टाकून नशिबावर सोडू नका. आणि वेंगुर्ल्याची इकडे आणायची कल्पना तर डोक्यातूनच काढा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

पुढचे फोटो पाठवाल तेव्हा फ्लॅश बंद करून, खिडकीशेजारी, तिरप्या उजेडात काढा. मला मुठीलगतची पात्याची दोन्ही अंगं, पात्याची पाठ मुठीपासून वीतभर, मुठीच्या टोपीवरचं ठोकलेलं टोक आणि म्यानाला जिथे दुसरी कडी असायला हवी ती जागा एवढंच हवंय. तिथे झाळकामाचा डाग किंवा कापल्याची खूण असेल तर म्यान आधी दोन कड्यांचं होतं आणि एक कडी नंतर काढलीये, तसं निघालं आणि त्या धूसर चिन्हातही सिंहांवर मुकुट दिसले तर मी १९०७ वरून थोडा मागे यायला तयार आहे.